तव्याची सवय

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा साईप्रिया गच्चीवर बसून पणियारमच्या, म्हणजे आप्प्यांच्या, बिडाच्या साच्यातला गंज काथ्याने घासत होती. विटेची लाल भुकटी तिच्या कोपरांपर्यंत पोचली होती. पावलं मध्येच थांबली, पुन्हा चढू लागली. खालच्या भामाक्का आपलं कॉफीचं भांडं मागायला आल्या असतील असं समजून तिने मान वर केली नाही. मग फरशीवर काहीतरी जड टेकल्याचा आवाज झाला.

"पाणी दे गे," कुणीतरी म्हणालं. "तुझा जिना फार उभा आहे."

जिन्याच्या तोंडाशी अम्मा उभ्या होत्या. कार्तिकची आई.

साईप्रिया उठली, पण हात कुठे पुसावेत ते तिला सुचेना. कोर्टाचा घटस्फोटाचा कागद हातात पडल्यापासून पापनाशमच्या त्या घरातलं कुणी तिच्याकडे आलं नव्हतं. तिनेही कधी तिकडे फोन केला नव्हता. तिने नळाखाली हात धरले आणि भुकटी वाहून गेल्यावरही बराच वेळ तसेच धरून ठेवले. पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली, तोवर अम्मा सावलीतल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि पायाशी ठेवलेल्या पिवळ्या कापडी पिशवीची गाठ सोडत होत्या.

पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला बिडाचा तवा होता. लहानसा, दोन कानांचा, आणि गंजाने इतका फुगलेला, की बोट लावलं तर पापुद्रा निघावा.

"माझ्या आईनं दिलेला," अम्मा म्हणाल्या. "ओरत्तनाडूहून लग्नात आणलेला. त्या घरी दोशांचा मोठा कल्लू होता, हा कधी चुलीवर चढलाच नाही. तू हे काम करतेस म्हणे. मज नीट करून दे."

साईप्रिया हेच काम करत होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत वरचा मजला घेतल्यापासून ती भंगारवाल्यांकडून आणि घराघरांतून जुनी बिडाची भांडी गोळा करी, त्यांचा गंज उतरवी, त्यांना तेलात मुरवून पुन्हा स्वयंपाकाजोगी करी आणि चेन्नई-बंगळूरला पाठवी. पोंगलनंतर तर तिला दम घ्यायलाही सवड नसे. भोगीला लोक घरातलं जुनंपानं बाहेर काढत आणि त्यातलं सगळं लोखंड फिरत फिरत तिच्या गच्चीवर येई. आत्ताही भिंतीला टेकून तव्यांची रांग उभी होती. अम्मांनी त्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि आपला तवा तिच्यापासून जरा लांब ठेवला.

झाल्यावर बसमधून पाठवून देईन, असं साईप्रिया म्हणाली. अम्मांनी मान हलवली.

"मीच येतें. घरी फोन करूं नको."

पाणी पिऊन झाल्यावर त्या उठल्या आणि न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. दाराची कडी आतून लावून पाहिली, काढली. खिडकीतून खाली कोण राहतं ते विचारलं. सिलिंडरवर हात ठेवून विचारलं, हा तुझ्याच नांवावर मिळाला का, नवऱ्याची सही मागत नाहीत का. घर भाड्यानं देताना भामाक्कांनी काय काय विचारलं होतं, असंही. साईप्रिया एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली आणि प्रत्येक उत्तरानंतर तिला वाटत गेलं, की आपली तपासणी चालली आहे, आणि आपण त्यात पास होतो आहोत की नापास हे काही कळत नाही.

अम्मा गेल्यावर भामाक्का वर आल्या. त्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, आणि गल्लीतल्या कुणाच्याही घरातली गोष्ट स्वतःच्या घरातली असल्यासारखी सोडवणाऱ्या. त्यांनी तवा उलटापालटा करून पाहिला.

"परत न्यायला आल्यात तुज," त्या म्हणाल्या. "म्हातारी माणसं असंच करतात. काहीतरी काम काढून येतात. आधी भांडं, मग गोष्ट."

साईप्रियाने तसं काही नसेल म्हटलं. पण मग काय असेल, हे तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने तवा हातात घेतला. आधी जाळावर धरून वरचं कवच सैल केलं, मग विटेची भुकटी आणि काथ्या. तासाभराने गंजाखालचं राखाडी बीड दिसू लागलं, तिला वाटलं होतं त्याहून सुबक. कडेला ओतकामाची एक बारीक शीर राहिली होती, तीही कुणी घासून काढली नव्हती, इतका तो कोरा होता. धुऊन, चुलीवर वाळवून तिने तो तांदळाच्या पेजेत बुडवून ठेवला. पेज रोज बदलायची, मग तिळाच्या तेलाचा हात द्यायचा, तापवायचं, निववायचं, पुन्हा तेल. तमिळमध्ये या कामाला तव्याला सवय लावणं म्हणतात. घाई केली की लोखंड रुसतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगत असे.

हात चालत असताना तिचं डोकं पापनाशमला जाई. कार्तिकने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. तो बोलणं बंद करी. सांबारात मीठ कमी पडलं म्हणून, बस चुकून ती उशिरा आली म्हणून, आणि कितीतरी वेळा कशासाठी ते तिला कधीच कळलं नाही. आठवडा, दोन आठवडे. मग घरातला टीव्ही हळू होई, भांडी हळू ठेवली जात, आणि अम्मा त्याच्यापुढे पान वाढून, पाठ न दाखवता मागे सरत. कार्तिकचे वडीलही असेच होते. ते रेल्वेत होते. ते वारले तेव्हा घर इतकं नेहमीसारखं गप्प होतं, की भेटायला आलेल्यांना वाटलं, माणसं दुःखाने मुकी झाली आहेत.

ज्या सकाळी साईप्रिया बॅग घेऊन निघाली, त्या सकाळी अम्मा स्वयंपाकघरात दोसे घालत होत्या. पीठ पसरल्याचा चर्र आवाज बाहेर ऐकू येत होता. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. तो राग होता की आणखी काही, हे साईप्रियाला कळलं नव्हतं. आता विचारता आलं असतं. पण ती विचारणार म्हणजे पुन्हा त्या घराचं दार ढकलणार, असं तिला वाटे, आणि ती काथ्या पुन्हा हातात घेई.

पुढच्या आठवड्यात अम्मा आल्या. तवा पेजेत पडलेला पाहून म्हणाल्या, "राहूं दे, घाई नाही." मग स्टुलावर बसून त्यांनी पापनाशमच्या गोष्टी सांगितल्या. कापणीचं यंत्र चिखलात रुतलं होतं, शेजारच्यांची गाय आटली होती, देवळासमोरच्या हॉटेलवाल्याने कॉफीत चिकोरी वाढवली होती. कार्तिकचं नाव एकदाही आलं नाही. साईप्रिया कॉफी निववत त्या नावाची वाट पाहत राहिली. डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये आणि टंबलरमधून डबऱ्यात ती कॉफी इतक्या वेळा ओतत राहिली की शेवटी अम्माच म्हणाल्या, "निवली की गे."

"आजारी पडलीस तर कोण बघतं?" त्यांनी अचानक विचारलं.

"एकदा ताप आला होता. भामाक्कांनी रसम आणून दिलं."

"मग?"

"मग काय, उतरला."

अम्मांनी फार महत्त्वाचं काही ऐकल्यासारखी मान हलवली.

त्या रात्री साईप्रियाने आपलं उत्तर तयार केलं. अम्मा, तुमच्यावर राग नाही, पण मी येणार नाही. वाक्य साधं होतं. पण भांडी घासताना ते पुन्हा म्हणून पाहिलं तेव्हा 'तुमच्यावर राग नाही' इथेच तिची जीभ अडली, आणि 'पण' आलाच नाही. तिला त्या घरातली मागची पडवी आठवली, तिथे अम्मा आणि ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसत. कार्तिक घरात नसला की अम्मा हळू आवाजात गमती सांगत आणि स्वतःच पदर तोंडाशी धरून हसत. ती पडवी तिला हवी होती. पडवी हवी तर घरही घ्यावं लागतं का, याचा ती विचार करत राहिली आणि काहीच ठरलं नाही.

त्याच दिवसांत तिचा हात चुकला. तेल तिने जास्त ओतलं. तव्यावर चिकट, तपकिरी, लाखेसारखा थर बसला, बोट लावलं तर ठसा उठे. नवशिक्यांची ही चूक ती गिऱ्हाइकांना फोनवर समजावून सांगत असे. तिने तो थर जाळून काढला आणि पुन्हा पेजेपासून सुरुवात केली. भामाक्का म्हणाल्या, "तुझं मन लागत नाही. जायचं तर जा, नाही तर स्पष्ट सांग." त्यावर साईप्रिया जरा चिडून म्हणाली, की अजून मला कुणी काही विचारलेलंच नाही.

तिसऱ्या खेपेला अम्मांनी स्वतःच तवा मांडीवर घेतला. फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात दिला, जाळावर धूर येईतो तापू दिला, अर्धा कांदा घेऊन गोल गोल फिरवला. पहिला दोसा तव्याला धरून बसला. अम्मांनी उलथन्याने तो खरवडला, तुकडे तुकडे करून वाटीत काढले आणि तसेच खाल्ले. दुसराही मधोमध फाटला.

"सुटेल," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कुणी हात लावला नाही त्याला. त्याला काय ठाऊक?"

साईप्रियाने विचारायला तोंड उघडलं, पण अम्मांनी घड्याळाकडे पाहिलं. पापनाशमची बस चुकवून चालणार नव्हती.

मग कार्तिकचा फोन आला.

दुपार होती. पडद्यावर त्याचं नाव पाहून साईप्रियाला प्रथम एवढंच वाटलं, की आलं एकदाचं. तिने ओला हात पदराला पुसला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"अम्मा तिथें आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

तो म्हणाला, की तो गिरणीवरून जेवायला आला तर घराला कुलूप. किल्ली शेजाऱ्यांकडे. अम्माचा मोबाइल खाटेवर पडला होता आणि कपाटातली लुगडी कमी वाटत होती. ती गेले काही दिवस तंजावूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगून निघे, पण डॉक्टरांकडे चौकशी केली तर ती तिथे गेलीच नव्हती.

"तू तिला काही सांगितलंस का?"

"मी? नाही," साईप्रिया म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिच्या मनात आलं, की हे खरं आहे का.

कार्तिक गप्प झाला. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. साईप्रियाला ही शांतता ओळखीची होती. तिने फोन कानाला लावून ठेवला, सरळ उभी राहिली, आणि आपलं काय चुकलं ते मनात शोधू लागली. बऱ्याच वेळाने त्याने फोन ठेवला तेव्हा तिचा कान तापला होता. मग तिला स्वतःचाच राग आला. आपण का थांबलो होतो?

ती खाली जाऊन भामाक्कांना सांगून आली. बसस्टँडवर जाऊन पाहावं की पोलिसांत कळवावं, यावर दोघींचं काही ठरेना. साईप्रिया चपला घालून पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. ऊन उतरलं तेव्हा गल्लीच्या टोकाशी रिक्षा थांबली आणि अम्मा उतरल्या. एका हातात प्लास्टिकची नवी बादली, बादलीत चाळणी आणि साबणाची वडी. दुसऱ्या हातात कोरी करकरीत केरसुणी.

रिक्षावाल्याला थांबायला सांगून त्या जिना चढल्या. साईप्रिया त्यांच्या मागे चढली. तिची नजर केरसुणीवरून हलत नव्हती.

"कार्तिकचा फोन आला होता," ती वर पोचल्यावर म्हणाली.

अम्मांनी बादली खाली ठेवली. "तूं काय म्हणालीस?"

"ठाऊक नाही म्हणालें. खरंच ठाऊक नव्हतं."

"म्हणून तर तुज सांगितलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. इथल्याच करंदैला ओळखीच्या एका घरात मागच्या बाजूची खोली मिळाली होती. लहान स्वयंपाकघर, आडाचं पाणी, दाराला आतून कडी. रेल्वेची पेन्शन त्यांच्याच नावावर होती. सिलिंडरचा अर्जही देऊन झाला होता. हे सगळं त्या बाजारातून आणलेल्या सामानाबद्दल सांगावं तसं सांगत होत्या.

साईप्रिया ऐकत राहिली. कडी, सिलिंडर, भामाक्कांनी विचारलेले प्रश्न, ताप उतरल्याची गोष्ट, सगळं तिच्या डोक्यात उलटं फिरून नव्या जागी बसू लागलं.

"मज वाटलं, तुम्ही मज परत न्यायला येता," ती शेवटी म्हणाली.

अम्मा तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना खरोखरच काही समजलं नव्हतं.

"तुज? तिथें?" त्यांनी विचारलं. "छे गे. मी विचारायला येत होतें. दुसऱ्या कुणाला विचारणार? त्या घरातून निघालेली तूं एकटीच मज ठाऊक."

साईप्रिया स्टुलावर बसली. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्याला नको म्हटल्यासारखंही. इतके दिवस घोकलेला नकार कुणी मागितलाच नव्हता. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, तेव्हा तिने तोंड फिरवून तव्यांची रांग उगीचच सारखी केली.

"मी निघालें त्या दिवशी तुम्ही बाहेर आला नाहीत," ती पाठमोरीच म्हणाली.

अम्मांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"आलें असतें तर तुझ्या मागं चालत निघालें असतें," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते जमलं नसतं मज."

खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. अम्मांनी हात पुढे केला आणि साईप्रियाचा फोन मागितला. कार्तिकचा नंबर तिनेच लावून दिला.

"मी आहें," अम्मा म्हणाल्या. "बरी आहें. डॉक्टर-बिक्टर कोणी नाही. इथें तंजावूरलाच खोली घेतली आहे, तिथें राहणार. तूं येऊन बघून जा, पण आज नको. फडताळात तोंडी लावायला पोडी करून ठेवली आहे, भात लावून घे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अम्मांनी "नाही" म्हटलं. मग पलीकडे आवाज थांबला. साईप्रियाला ती शांतता न ऐकताही ऐकू आली. तिचे खांदे आपोआप आखडले. अम्मा फोन कानाशी धरून उभ्या होत्या, डोळे खाली, अगदी त्या घरात उभ्या राहत तशा. ओठ काही पुटपुटल्यासारखे हलले. मग त्यांनी डोळे वर करून गच्चीपलीकडे पाहिलं.

"बोलायचं नसलं तर ठेवतें रे," त्या म्हणाल्या, आणि कुठलं बटण दाबायचं ते न कळून फोन साईप्रियाच्या हातात दिला. तिने तो बंद केला.  अम्मांनी हात पदराला पुसले.

तवा तयार होता. काळा, तुळतुळीत, आरशासारखा नव्हे, पण हात फिरवला तर कुठे न अडकणारा. एक दोसा घालून दाखवते, असं साईप्रिया म्हणाली. अम्मांना ते नको होतं. पीठ सकाळीच खोलीवर आंबत ठेवलं आहे, तिथेच घालेन म्हणाल्या.

"अम्मा, इथें राहा की," साईप्रियाच्या तोंडून निघून गेलं. "एवढी जागा आहे. दोघींना पुरेल."

अम्मांनी तिच्या गालावरची विटेची भुकटी अंगठ्याने पुसली.

"तुझ्याकडे राहिलें तर पुन्हा कुणाच्या तरी घरीच राहिलें. नको. एकदा बघूं तरी दे."

साईप्रियाला ते पटलं आणि लागलंही. तिने तवा फडक्यात गुंडाळला आणि तो घेऊन खाली आली. अम्मा बादली आणि केरसुणी घेऊन मागून आल्या. भामाक्का आपल्या दारात उभ्या होत्या, काय विचारावं ते पहिल्यांदाच न सुचून.

रिक्षात बसल्यावर अम्मांनी कमरेच्या पिशवीतून एक नवा साधा मोबाइल काढला. नंबर त्यांना पाठ नव्हता. साईप्रियाने त्यावरून स्वतःला फोन लावला. तिच्या पडद्यावर अनोळखी आकडे आले आणि फोनने विचारलं, कुणाच्या नावाने ठेवू. तिने पहिलं अक्षर दाबलं, तर फोननेच जुनं नाव पुढे केलं. लग्न झालं तेव्हा तिने घातलेलं. कार्तिक अम्मा.

तिचं बोट तिथेच थांबलं.

"काय नांव घालूं?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"तुमचं."

अम्मांनी बादली पायांमध्ये नीट बसवली, तवा मांडीवर घेतला. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं.

"माझंच घाल की," त्या म्हणाल्या. "कामाक्षी."

रिक्षा सुरू झाली. थोडी पुढे जाऊन ती थांबली आणि केरसुणीच्या मागून त्यांचं डोकं बाहेर आलं.

"आणि येण्याआधी फोन कर गे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी घरी असेनच असं नाही."